कन्नड घाटावर सराव करून इटलीतला स्टेल्विओ चढता येईल का? (चाळीसगाव)

चाळीसगावचा_अठ्ठ्याहत्तर_किलो:

राम राम मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४९, वजन ७८ (नावातच आहे), हार्डवेअरचं दुकान. चार वर्षांपासून सायकल चालवतो, दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड) दोनदा केलीय, पहिल्या वेळी साडेतेरा तासाच्या लिमिटमधे बारा मिनिटं शिल्लक होती तेव्हा आलो. म्हणजे मी काही फार मोठा रायडर नाही हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं की पोरगी म्युनिकला नोकरीला आहे आणि ऑगस्टअखेर आम्हा दोघांना तिकडं बोलावतेय. मी सहज बोलता बोलता तिला म्हणलं की तो स्टेल्विओ घाट कुठं येतो गं, तर तिनं लगेच मॅप काढून सांगितलं पप्पा इथून गाडीने चार-पाच तास, आपण जाऊच. आता पोरीपुढं नाही कसं म्हणायचं. टीव्हीवर गिरोच्या (इटलीतली मोठी सायकल रेस) टप्प्यांमधे ती नागमोडी वळणं बघून बघून डोळ्यात बसलीयेत, पण बघणं वेगळं आणि पायडल मारणं वेगळं.

माझा रोजचा घाट म्हणजे आपला कन्नड घाट, दुसरं आहे काय इथं. एका फेरीत माझ्या घड्याळात साधारण तीनशे मीटर चढ भरतो. वर गेल्यावर जीभ बाहेर येते, चहा पितो, खाली येतो, दुकान उघडतो. आणि तिकडं आकडा वाचला तर अठराशे मीटर! म्हणजे कन्नड घाट एकावर एक सहा वेळा, आणि मधे उतार नाही, चहा नाही.

प्रश्न असे की कुठल्या बाजूने चढावं, माझ्या सायकलचे गिअर पुरतील का (पुढं ५०-३४ दात, मागं ११ ते २८ दात, ब्रेक साधे रिमचे), चार महिन्यात चाळीसगावात राहून तयारी होईल का, आणि तिसरं (की चौथं?) म्हणजे थंडी. आत्ता इथं बेचाळीस चालूय आणि तिथं म्हणे ऑगस्टमधे पण वर बर्फ पडू शकतो. बायको म्हणतेय गाडीने वर जाऊ, फोटो काढू, खाली येऊ. तिचं पण काही चुकत नाही.


झुरिक_रिटर्न_जळगाव:

काय भो, काय प्रश्न टाकलाय, सकाळी सकाळी मूड बनवला.

मी तीन वर्षं झुरिकला होतो, स्टेल्विओ दोनदा केलाय, एकदा प्राटोकडून आणि एकदा बोर्मिओकडून. सगळं सांगतो, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

घाटमाथा २७५७ मीटरवर. इटलीतली सगळ्यात उंच डांबरी खिंड हीच, आणि सगळ्या आल्प्समधे फक्त फ्रान्समधली इझरां हिच्यापेक्षा थोडी वर. चढायला तीन वाटा. पहिली उत्तरेकडून, प्राटो गावातून, २४ किलोमीटरच्या वर थोडी, चढ १८०० मीटर, सरासरी साडेसात टक्क्याला जरा कमी. दुसरी बोर्मिओकडून, साडेएकवीस किलोमीटर आणि दीड हजार मीटरच्या वर थोडा चढ. तिसरी स्वित्झर्लंडमधून, सांता मारिया गावातून उंब्राईल खिंडीवर चढायचं (ती २५०१ मीटर), आणि मग बोर्मिओच्या रस्त्याला लागून शेवटचे थोडे किलोमीटर वर.

तुम्ही म्युनिकहून येणार म्हणजे प्राटोच सोयीचं पडेल, आणि टीव्हीवर दिसतात ती वळणं पण त्याच बाजूला. अठ्ठेचाळीस वळणं. प्रत्येक वळणावर दगडी पाटी, तिच्यावर नंबर आणि उंची, आणि गंमत म्हणजे नंबर उलटे. खाली ४८, वर १. आता ही चांगली गोष्ट की वाईट यावर माझं आणि माझ्या मित्राचं आजपर्यंत एकमत नाही. तो म्हणतो उलटी मोजणी बरी, कमी होताना दिसतं. मला मात्र अठ्ठेचाळीसची पाटी बघूनच घाम फुटला होता.

आता खरी ट्रिक ऐका. प्राटो सोडल्यावर पहिलं वळण येईपर्यंतच सात-आठ किलोमीटर जातात. नदीच्या कडेनं रस्ता, गोमागोई गाव, मग त्राफोई. त्राफोई साधारण १५४० मीटरवर. इथपर्यंत झाडी, सावली, पाय ताजे, आणि माणूस जोरात हाणतो. मी हाणलं. त्राफोईनंतर मग वळणांवर वळणं चालू होतात, आणि फ्रान्झेन्सहोहे नावाचं हॉटेल आहे २१८८ मीटरवर, तिथं झाडं संपतात आणि समोर अख्खी भिंत उभी दिसते, तिच्यावर रस्त्याची घडी घातलेली, आणि अगदी वर टोकाला घाटमाथ्यावरच्या इमारती. अजून जवळपास सहाशे मीटर चढ बाकी असतो तिथून. मी तिथं बसून एक अख्खं चॉकलेट खाल्लं आणि घरी आईला फोन लावला, काही काम नव्हतं, उगाच. डावीकडं ओर्टलर डोंगर, ३९०५ मीटर, हिमनदी लोंबतेय, बघण्यासारखं आहे पण तेव्हा मला काही दिसत नव्हतं.

चढ फार भयानक नाहीये हो. तोंडावर येणारे पंधरा-वीस टक्क्याचे तुकडे असले काही नाही, सात-आठ-नऊ असंच चालू राहतं. तो तीव्र नाही, तो थांबत नाही. आपल्या घाटात चढ येतो, मधे सपाट येतं, पाय मोकळे होतात. तिथं तीन तास पायडल सोडलं की सायकल उभी. हे एकदा डोक्यात बसलं की सराव कशाचा करायचा ते आपोआप कळतं.

वर गेल्यावर एकदम जत्रा. सॉसेजवाले, टीशर्टवाले, मोटरसायकलवाले. मला वाटलं होतं वर शांत असेल, एकटा उभा राहीन, डोळ्यात पाणी वगैरे. कुठलं काय, सॉसेजच्या रांगेत उभा राहिलो.

बोर्मिओच्या बाजूला बोगदे आहेत, तिकडून चढायचं किंवा उतरायचं असेल तर पुढं-मागं लाईट पाहिजेच.


पान्हे_आणि_पंप (धुळे):

गिअरचं मी सांगतो, बाकी मला काही कळत नाही. तीस वर्षं सायकली खोलतोय.

सरळ हिशोब. समजा तुम्ही तासाला सहाशे मीटर उंची चढता. अठराशेला तीन तास. ४९ वय, ७८ किलो, तीन तास म्हणजे चांगला टाईम आहे, त्यात लाज वाटायचं काही नाही. तीन तासात चोवीस किलोमीटर म्हणजे ताशी आठच्या आसपास स्पीड. पुढं ३४ आणि मागं २८ दात असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते, म्हणजे ताशी आठला मिनिटाला ५३ फेरे होतात. ५३ फेऱ्यांनी तीन तास म्हणजे गुडघ्याचं भजं. मागं ३२ लावा, साठ होतात. ३४ लावा, चौसष्ट होतात. ३४ च लावा, मर्दानगी घरी ठेवा.

पण नुसती कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणून बसवू नका. २८ साठी जो मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) असतो त्याचा पिंजरा छोटा असतो, ३४ ला चेन लांब लागते ती त्याला ओढता येत नाही, चुकून पुढं-मागं दोन्हीकडं मोठी चकती पडली तर डिरेलर चाकात. लांब पिंजऱ्याचा डिरेलर, नवी चेन, कॅसेट, तिन्ही एकदम बदला. आणि निघायच्या आठवड्यात नाही, आत्ता बदला, म्हणजे सराव त्याच गिअरवर होईल.

आता ब्रेक. चढायचं सगळे विचारतात, उतरायचं कोणी विचारत नाही. चोवीस किलोमीटर उतार आणि अठ्ठेचाळीस वळणं, प्रत्येक वळणाला जवळपास थांबायला लागतं. रिम ब्रेक सारखा दाबून धरला तर रिम तापते, इतकी तापते की आतली ट्यूब फुटते. आणि पुढची फुटली तर मग काय होतं ते सांगायला नको. म्हणून दाबून धरायचं नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात, स्पीड पाडायचा, सोडायचा, वळायचं. मधे दोनदा थांबून रिम गार करायची, बोट लावून बघू नका, चटका बसतो. ब्रेकचे रबर नवे घाला. रिम कार्बनची असेल तर रिम ब्रेकवर तिथून उतरूच नका असं माझं मत.

पूर्वी लळिंग घाटात दूधवाले यायचे चोवीस इंची सायकलला चार कॅन लावून. चढताना उतरून ढकलत आणि उतरताना एक पाय मागच्या चाकावर चप्पल घासत. त्यांना विचारा ब्रेक म्हणजे काय.


झुरिक_रिटर्न_जळगाव:

काका बरोबर बोलतायत, पण मी म्हणतो स्वतःची सायकल न्याच कशाला. विमानात बॉक्स, त्याचा वेगळा चार्ज, डिरेलरचा हँगर वाकला की ट्रीप गेली. प्राटो-बोर्मिओच्या भागात डिस्क ब्रेकच्या चांगल्या रोड बाईक भाड्यानं मिळतात, मागं ३४ लावलेल्याच असतात. सॅडलची उंची मोजून न्या आणि स्वतःचे पायडल न्या, झालं काम.


पान्हे_आणि_पंप (धुळे):

दुसऱ्याच्या सायकलवर आयुष्यातला सगळ्यात मोठा घाट? मी नसतो चढलो. सॅडल बदललं की बूड बदलतं, तीन तास आहेत. पण उतारासाठी डिस्क बरा हे खरं. ज्याचं त्यानं ठरवावं.


सातपुडा_एक्सप्रेस (शहादा):

सगळ्यांना इटलीच पाहिजे. आमचं तोरणमाळ काय वाईट आहे? ते पण साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे, सात पायरीची वळणं आहेत, वर यशवंत तलाव आहे, गोरखनाथाचं देऊळ आहे. पन्नास लोक गाडीनं जातात, सायकलवाले बोटावर मोजण्याइतके. तिकिटाच्या पैशात दहा वेळा तोरणमाळ होईल, राहून खाऊन. भाऊ राग मानू नका पण हे फोटोसाठीच आहे ना शेवटी.


चाळीसगावचा_अठ्ठ्याहत्तर_किलो:

राग कशाचा भाऊ. फोटोसाठी तर आहेच, खोटं कशाला बोलू. दुकानात मागं फ्रेम लावणार आहे, जागा पण ठरलीय, रंगाच्या डब्यांच्या वर.

पण खरं सांगू, तोरणमाळला मी अजून सायकलने गेलोच नाहीये. चाळीसगाव ते शहादा लांब पडतं म्हणून राहूनच गेलं. तुम्ही म्हणताय तर रस्ता कसा आहे सांगा ना.


सातपुडा_एक्सप्रेस (शहादा):

आता कसं बोललात. मुक्काम शहाद्याला करा, पहाटे साडेचारला निघा. म्हसावदपर्यंत सपाट, केळी आणि पपईच्या बागा, हातपाय मोकळे होतात. राणीपूरच्या पुढं डोंगर चालू. एकूण पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि शहाद्यापासून धरलं तर उंची हजार मीटरच्या आसपास वाढते. चढ एकसारखा नाही, मधे मधे उतरायला लागतं आणि मग परत चढायला, तेच जास्त त्रासदायक. रस्ता काही ठिकाणी मस्त, काही ठिकाणी खडी, २८ मिलिमीटरचा टायर घाला, २५ चा नको. पाणी भरपूर घ्या, पाड्यांवर हातपंप असतात पण उन्हाळ्यात भरवसा नाही. पावसाळ्यात दरड येते, तेव्हा नकोच.

मे महिन्यात जायचं तर दहाच्या आत वर पोचायचं. नाहीतर सातपुडा भाजून काढतो. वर गेलात की मात्र गार.


झुरिक_रिटर्न_जळगाव:

तोरणमाळ म्हणजे स्टेल्विओच्या निम्म्याला थोडं जास्त उंची, दुपटीपेक्षा जास्त अंतरात. तरी खान्देशात सलग एवढं दुसरं काही नाही, एकदा तरी करा. चांदसैली घाट पण आहे तळोदा-धडगावकडं, पण तो सांभाळूनच चढा, अरुंद आहे आणि समोरून जीप कधी येईल सांगता येत नाही.

पण रोजच्या सरावाला मी म्हणेन वारा. हसू नका. आपल्याकडं घाट नाहीत पण वारा आहे. साक्रीकडं ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. मे-जूनमधे दुपारनंतर धुळ्याहून साक्रीकडं म्हणजे पश्चिमेला तोंड करून निघा आणि अडीच तास वाऱ्यात चालवा. वारा पण थांबत नाही. पायडल सोडलं की सायकल मरते, डिट्टो स्टेल्विओसारखं. मी जळगावात असताना एरंडोलकडं जायचो असाच, लोक म्हणायचे याला काय झालंय, वाऱ्याच्या तोंडी जातो आणि येताना टेम्पोत सायकल टाकून येतो. येताना मागून वारा असतो, त्याचा सरावाला काही उपयोग नाही.


वैद्य_पायडल (धुळे):

दादा, तुमच्या बाकी प्रश्नांची उत्तरं मिळाली, एक कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी डॉक्टर आहे आणि वीकेंडला सायकल चालवते.

पहिलं, ४९ वय आहे, तर जायच्या आधी बीपी, शुगर, ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितलं तर टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी). दुकानात दिवसभर उभं राहतो म्हणजे फिट आहे असं नसतं.

दुसरं, विरळ हवा. २७०० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊण पटीवर येतो, त्याहून थोडा कमीच. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. डोंगराचा आजार सहसा अडीच हजारच्या वर जाऊन मुक्काम केला की त्रास देतो, तुम्ही दोन तासात परत खाली येणार, त्यामुळे त्याची भीती धरू नका. पण ताकद कमी पडणार हे नक्की धरा. शेवटचे आठ किलोमीटर खालच्या स्पीडने जाणार नाहीत, श्वास आधी लागेल आणि मग पाय. त्यामुळे त्राफोईपर्यंत गप्पा मारता येतील इतक्याच जोरात चालवा. एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर जास्त होतंय. जमलं तर एक-दोन दिवस आधी त्या भागात पोचा.

तिसरं, खाणं. तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं तरी पोटात गेली पाहिजेत, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. म्हणजे तासाला दोन केळी आणि पाण्यात थोडी साखर-मीठ-लिंबू. राजगिऱ्याचे लाडू न्या, थंडीत एनर्जी जेल घट्ट होतं, लाडू नाही होत. भूक लागल्यावर खाऊ नका, तेव्हा उशीर झालेला असतो, गजर लावा वीस मिनिटांचा.

आणि आपल्या उन्हाला नावं ठेवू नका. उन्हात हळूहळू सवय करून सराव केला की रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाला काम सोपं होतं, हे खरं आहे. पण हळूहळू. बेचाळीसमधे दुपारी एक वाजता घाट चढायला गेलात तर सराव माझ्याकडं येऊन संपेल, सलाईन लावून. पहाटे पाच ते आठ, बस.


केळीचं_पान (रावेर):

डॉक्टरताई केळीचं बोलल्या म्हणून आलो 😄 जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, इटलीत ती मिळणार नाही, तिकडची बिनचवीची. दादा पोरीला सांगा सुकेळी नेतो म्हणून, बॅगेत टिकतात आणि खिशात चिकटत नाहीत. यावलची घ्या.

मी पण विचारणार होतो, थंडीचं काय? ते राहिलंच.


झुरिक_रिटर्न_जळगाव:

हां थंडी. इथं मी मार खाल्लेला आहे म्हणून नीट सांगतो.

खाली प्राटोत सकाळी पंधरा-सोळा, वर गेलो तेव्हा पाच. चढताना जाणवत नाही, अंगातून वाफ निघत असते. वर फोटो-बिटो काढण्यात वीस मिनिटं गेली, घामाची जर्सी गार पडली आणि मग उतार. माझ्याकडं फक्त पातळ विंडशीटर, हातात अर्धी बोटं उघडे ग्लोव्हज. चौथ्या वळणापर्यंत बोटं गेली. म्हणजे ब्रेक दाबतोय का नाही हेच कळेना. दात वाजत होते आणि त्यामुळं सायकल थरथरत होती, खरंच, हँडल हलत होतं. फ्रान्झेन्सहोहेला उतरून हॉटेलात शिरलो आणि गरम पाण्याचा कप दोन्ही हातात धरून अर्धा तास बसलो. वेटरला सवय असणार, त्यानं काही विचारलं पण नाही.

तर वहिनींना आणि पोरीला गाडीनं वर पाठवा. वहिनींचं पण होतं आणि तुमचं पण. गाडीत एक कोरडी बनियन, जाड जॅकेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज, कानटोपी. वर पोचलं की आधी कपडे बदला, मग फोटो. आणि छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्र घाला, जुन्या रेसर लोकांची ट्रिक आहे, वारा अडतो. आधीच्या काळात घाटमाथ्यावर उभे राहून लोक त्यांना पेपर द्यायचे.

वेळ सकाळी सातची धरा. दहानंतर मोटरसायकली आणि स्पोर्ट्स कार यांचा नुसता पूर येतो, वीकेंडला तर बघायलाच नको. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरवातीला एक दिवस गाड्यांना बंद करून रस्ता फक्त सायकलींना मोकळा ठेवतात, हजारो लोक येतात, ती तारीख तुमच्या ट्रीपमधे बसली तर सोनं. मग मात्र वहिनींना गाडीनं वर येता येणार नाही, जॅकेट पाठीवर न्यावं लागेल. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र आत्ताच बघा, उन्हाळ्यात मिळत नाहीत.


घाटाचा_इतिहासवाला (पाटणादेवी परिसर):

मी सायकल चालवत नाही, गुडघे गेलेत, पण राहवलं नाही म्हणून.

तो स्टेल्विओचा रस्ता ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानं बांधला, १८२० ते १८२५, कार्लो दोनेगानी नावाचा इंजिनिअर. इटलीतली लोंबार्डी तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती, तिथं जायला वाट पाहिजे होती. आणि बघा योगायोग, त्याच १८२५ साली आपल्याकडं इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम खान्देशात आला आणि धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला लागला. ज्याच्या नावानं कन्नड घाटाला औट्रम घाट म्हणतात तोच. म्हणजे तिकडं दोनेगानी शेवटची वळणं बांधत होता तेव्हा तुमच्या घाटाचा औट्रम धरणगावात होता. एक घाट सैन्य न्यायला केला, दुसऱ्या घाटाला सैनिकाचं नाव. पुढं पहिल्या महायुद्धात तर त्या स्टेल्विओच्या शिखरांवर बर्फात इटली आणि ऑस्ट्रिया समोरासमोर लढले.

असो, सायकलवाल्यांना यात रस नसेल.


झुरिक_रिटर्न_जळगाव:

काका, रस आहे! यात सायकलचं मी जोडतो. गिरो स्टेल्विओवर पहिल्यांदा गेली १९५३ ला. स्विस रेसर ह्यूगो कोबलेट पुढं होता जवळपास दोन मिनिटांनी, रेस जिंकल्यातच जमा. बोल्झानो ते बोर्मिओ असा टप्पा, म्हणजे तुम्हाला सांगतोय त्याच बाजूनं चढ. तिथं फाउस्तो कोप्पीनं हल्ला केला, कोबलेटला मागं टाकलं आणि रेस फिरवली. दुसऱ्या दिवशी मिलानला रेस संपली आणि कोप्पी जिंकला, त्यानं जिंकलेली ती पाचवी गिरो. म्हणून आता दर वर्षी गिरोत जो सगळ्यात उंच घाट असतो त्याला चिमा कोप्पी म्हणतात, आणि स्टेल्विओ असला की तो मान त्याचाच. १९६५ ला तर वर एवढा बर्फ होता की टप्पा घाटमाथ्याच्या अलीकडंच संपवावा लागला.


चाळीसगावचा_अठ्ठ्याहत्तर_किलो:

मंडळी, दीड महिन्यानं येतोय, लग्नसराईत दुकान बंद ठेवता येत नाही त्यामुळं लिहायला वेळ नव्हता. चालवणं मात्र चालू आहे.

कॅसेट ३४ ची बसवली, डिरेलर आणि चेनसकट. धुळ्याला जाऊन काकांकडूनच करून आणलं (काका, पैसे घ्यायला पाहिजे होते तुम्ही). पहिल्या दिवशी घाटात पाय नुसते फिरत होते, वाटलं चेन तुटली की काय. आता सवय झालीय आणि खरं सांगतो, वर गेल्यावर जीभ बाहेर येत नाही.

रविवारी पहाटे पावणेपाचला निघून कन्नड घाट चार वेळा केला. २०२३ च्या ऑगस्टपासून कोर्टाच्या आदेशानं घाटात जड वाहनं बंद आहेत त्यामुळं पहाटे बरं वाटतं, नाहीतर आधी ट्रकच्या धुरात चढायला लागायचं आणि कधी जाम लागला की ड्रायव्हर लोक खाली उतरून स्वयंपाक करायचे इतका वेळ. अंधारात मात्र एकटा जात नाही, गौताळ्याच्या जंगलात बिबटे आहेत. चौथ्या फेरीला वांदे झाले, दोन वळणं बाकी असताना उतरून कठड्यावर बसलो. माकडांनी लाडू नेला. डॉक्टरताई, गजर लावला होता पण मी बंद केला होता, चूक माझी.

वाऱ्याचा सराव पण केला, नांदगावकडं तोंड करून, दोन तास. हा घाटापेक्षा बेकार प्रकार आहे. घाटात निदान वर पोचतो माणूस. वाऱ्यात कुठंच पोचत नाही, नुसता शिव्या देतो. पण दुसऱ्या दिवशी पाय कळले, कुठं दुखतं ते बरोबर घाटासारखंच.

ईसीजी झाला, बीपी जरा वर निघालं, गोळी चालू केलीय, डॉक्टर म्हणाले हळू चालवा, बंद करू नका. बायकोनं हे ऐकलं आणि मग गाडीनं वर थांबायचं कबूल केलं, जॅकेट तीच घेऊन थांबणार. सायकल भाड्यानंच घ्यायचं ठरवलंय, काका माफ करा, सॅडल मात्र माझं स्वतःचं काढून नेतो, मधला मार्ग.

आता पाऊस चालू व्हायच्या आत तोरणमाळ करायचंय. पाऊस लागला की आमच्या घाटाचं पण काही खरं नसतं, २०२१ ला ऑगस्टच्या शेवटी एका रात्रीत दरडी आल्या, चाळीसगावात पाणी शिरलं आणि घाट महिना-दोन महिने बंद होता, माझ्या दुकानात पण गुडघाभर होतं. म्हणून पुढच्या शनिवारी शहाद्याला मुक्काम, रविवारी पहाटे साडेचार. कोणी येतंय का?


सातपुडा_एक्सप्रेस (शहादा):

मी येतो. घरी राहा, लॉज कशाला. आई मिरचीची भाजी आणि कळण्याची भाकर करणार, फक्त रात्री जास्त खाऊ नका, चढताना आठवण येते.


वैद्य_पायडल (धुळे):

मी पण. गजर माझ्या घड्याळात लावणार आहे, दादांच्या नाही.


पान्हे_आणि_पंप (धुळे):

मी जीपमधे मागून येतो, हवेचा पंप आणि दोन ट्यूब घेऊन. मना वय आते चढाना नही शे, पण उतरताना तुमना ब्रेकना वास कोठे येस ते मालेच समजी. रिमला हात लावू नका.


केळीचं_पान (रावेर):

सुकेळी किती किलो आणू? आणि इटलीसाठी वेगळी बांधू का?


चाळीसगावचा_अठ्ठ्याहत्तर_किलो:

दोन किलो. इटलीची वेगळी बांधा, बायकोच्या बॅगेत जातील, माझी बॅग सॅडलनं भरलीय.